‘ब्लूटूथवर बोललं तर चालतं ना?’

प्रश्न एका ताईंचा आहे. धाकटा भाऊ औषध कंपनीच्या फिरतीवर असतो, आठवड्यातून तीनदा चिपळूण–कराड. गाडीला ब्लूटूथ आहे, त्यामुळे ऑफिसचे, डॉक्टरांचे, घरचे सगळे फोन तो गाडीतच उरकतो. घरात विषय निघाला की त्याची दोन उत्तरं ठरलेली: "हात स्टिअरिंगवर आहेत ना?" आणि "शेजारी कोणी बसलं असतं तर बोललोच असतो की!" ताई विचारतात, गाडी चालवताना मोबाईलवर बोलायला कायद्याने बंदी आहे की नाही, आणि नसेल तर असावी का?

मी एकोणतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी रत्नागिरी–कोल्हापूर आणि चिपळूण–कराड या मार्गांवर. निवृत्तीनंतर ड्रायव्हिंग स्कूल काढलं, त्यालाही आता आठ वर्षं होतील. वकील मी नाही. पण पोरांना शिकवायचं म्हणून, आणि एकदा स्वतःच्याच अंगाशी येता येता राहिलं म्हणून, हा विषय मी जरा खोलात जाऊन पाहिलाय.

बंदी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा; त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाची नवी कलमं लागू झाली. कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं. लाल सिग्नल तोडणं, नियम सोडून ओव्हरटेक करणं, उलट्या दिशेने गाडी घालणं यांच्याच पंक्तीला ‘हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर’ बसवलाय. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड. लायसन्सचं आणखी वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की चालवताना फोनवर सापडेल त्याचं लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करा. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एक सवलत आली: फोन रस्ता बघायला वापरता येईल, पण तेवढ्यापुरताच, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

आता तो शब्द परत वाचा. ‘हातात धरायचं’. सगळं कलम त्या हाताला धरून आहे. फोन डॅशबोर्डवर, आवाज गाडीच्या स्पीकरमधून आणि बोट स्टिअरिंगवरच्या बटणावर असेल तर तुमचा भाऊ त्या व्याख्येत सरळ बसत नाही. चालानच्या हिशोबाने त्याचं बरोबर आहे. अपघात झाला तर मात्र हे उत्तर टिकत नाही. हयगयीने गाडी चालवून कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. तिथे हयगय झाली का एवढंच बघतात, फोन कुठल्या हातात होता हे नाही.

हाताचं आधी सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलोय.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा जुलै. संध्याकाळची कोल्हापूर–रत्नागिरी. आंबा घाट उतरलो, साखरपा मागे पडलं, दाभोळ्याच्या अलीकडे पाऊस जरा उघडला होता. खिशातला फोन वाजला. बटणांचा साधा फोन तो. मनात आलं, उचलायचा नाही, नाव तेवढं बघू. दोन बोटांनी वर ओढला, घरचा नंबर, आणि अंगठा कधी हिरव्या बटणावर गेला ते मला अजून सांगता येणार नाही. वळण काही अवघड नव्हतं, रोजचंच. मान वर केली तेव्हा डावं पुढचं चाक साइडपट्टीवर उतरलेलं. पावसाळ्यात आमच्याकडची साइडपट्टी म्हणजे लाल लोणीच. गाडी डावीकडे ओढायला लागली. कंडक्टरने घंटी मारली नाही, सरळ ओरडलाच. झटक्यात स्टिअरिंग मारलं असतं तर मागची बाजू फिरली असती, ब्रेक दाबला असता तर चाक रुतलं असतं. पाय उचलला, गाडीला तिच्या मनाने थोडं जाऊ दिलं आणि हळूच वर घेतली. तीसेक पावलांवर मोरी होती, कठडा नसलेली. बसमध्ये चौतीस माणसं. एका म्हातारीचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं, टेंगूळ आलं, तेवढ्यावर भागलं. तक्रार कोणी केली नाही. केली असती तर बरं झालं असतं असं मला पुढे पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

घरून फोन कशासाठी होता? गॅस संपला होता.

नंतर मी कागद घेऊन बसलो. ताशी चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. खिशात बोटं घालून नाव वाचायला दोन सेकंद धरले तरी बावीस मीटर झाले. दोन एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढा रस्ता मी न बघता चालवला होता. हायवेला साठने जाताना मेसेज वाचायला पाच सेकंद घेतले तर त्र्याऐंशी मीटर होतात. हा हिशोब मी पोरांना फळ्यावर करून दाखवतो आणि तो त्यांना लगेच पटतो. लर्निंगच्या परीक्षेत मोबाईलवर प्रश्न येतो, त्याचं उत्तर कोणी चुकवत नाही. मग शाळेतून बाहेर पडून स्कूटरवर हेल्मेटमध्ये फोन खोचून निघतात. स्कार्फमध्ये कानापाशी फोन बसवायची कला तर आमच्याकडे मुलींनी अगदी टोकाला नेलीय.

पटत नाही ते पुढचं, हात मोकळे असतानाचं. त्यासाठी मी एक खेळ करतो. रस्त्यावर नाही, एका बंद पडलेल्या कारखान्याचं आवार आहे, मालक ओळखीचे आहेत, फाटक लावून घेतो. आत लांबलचक वळसा घेणारा डांबरी रस्ता. शिकाऊच्या शेजारी मी, माझ्या पायाखाली माझा ब्रेक. ताशी तीसने एक फेरी मारायची आणि थांबल्यावर सांगायचं, काय काय दिसलं. दुसऱ्या फेरीला वस्तू बदललेल्या असतात. फोन स्टँडवर, आवाज स्पीकरवर, हात लावायचा नाही. घरून माझी सून बोलते. ती काही भयंकर विचारत नाही. नऊशे रुपयांची पेटी, सतरा पेट्यांचे किती झाले, एवढंच.

लांज्याकडची एक शिक्षिका होती, चांगली हुशार बाई, गाडीवर हातही बसलेला. पहिल्या फेरीत तिने नऊ गोष्टी सांगितल्या: चिऱ्यांचा ढीग, उलटी हातगाडी, भिंतीवर वाळत घातलेलं कांबळं असं सगळं. दुसऱ्या फेरीत दोन. रस्त्याच्या कडेला, अगदी डाव्या चाकाच्या ओळीत, मी लाल बादली ठेवली होती. ती बादली तिला आठवेना. "होती?" म्हणाली. मी शेजारी बसून बादलीकडे नाही, तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. डोळे समोरच होते. बादली चाकाखाली गेली नाही ती चार बोटांच्या फरकाने. आणि वेग तिसावरून बावीसवर आलेला, तोही तिला कळला नव्हता. हिशोब मात्र चोख होता, पंधरा हजार तीनशे.

हे मी एकटाच म्हणत नाही. टोरांटोत १९९७ साली दोन संशोधकांनी ६९९ ड्रायव्हर घेतले, सगळ्यांकडे मोबाईल होता आणि सगळ्यांचे अपघात झालेले. त्यांच्या फोनच्या बिलांवरच्या वेळा अपघातांच्या वेळांशी ताडून बघितल्या. फोन चालू असताना अपघाताचा धोका जवळपास चौपट निघाला, आणि हात न लावता बोलायच्या फोनने त्यात काही फायदा होतो असं दिसलं नाही. तो अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात आला, त्याला आता पंचवीस वर्षांवर झाली, तरी आपण अजून हातच मोजतोय.

भावाचं दुसरं उत्तर, शेजारच्याशी बोलतोच की. हे वरवर बिनतोड वाटतं. माझ्याबरोबर एक कंडक्टर असायचे, रत्नागिरीपासून तोंड चालू झालं की कोल्हापूर येईपर्यंत बंद नाही. पण घाटातलं अवघड वळण आलं की ते वाक्य अर्ध्यात सोडायचे. समोरून ट्रक आला, मी गिअर टाकला, गाडी वळली, सरळ झाली, की जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे: "...तर तो भाऊ म्हणाला..." हे ते मुद्दाम करत नव्हते. त्यांनाही तोच रस्ता दिसत होता आणि तोच जीव होता. फोनवरच्या माणसाला तुमचा ट्रक दिसत नाही. तुम्ही वळणावर गप्प झालात की त्याला वाटतं लाइन गेली, आणि नेमका त्याच क्षणी तो ओरडतो, "हॅलो? हॅलो? आवाज येतोय का?"

चिपळूण–कराडच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात तर हे ठरलेलंच. रेंज येते जाते. आवाज तुटायला लागला की माणूस आवाज वाढवतो, मग पुढे वाकतो, मग कट झाला की परत लावतो. सगळं वळणांवर. वर माथ्यावर पोचलं की रेंज भसकन येते आणि खाली अडकलेले मेसेज एकदम टिंग टिंग टिंग करत पडतात. घाट चढलेला माणूस जरा सैल झालेला असतो, तेव्हाच नजर तिकडे जाते. मी शिकवताना माथ्यावरची ती जागा मुद्दाम दाखवतो.

आकड्यांचा मुद्दा कोणी ना कोणी काढतोच, म्हणून तोही घेतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात रस्त्यांवर १,५३,९७२ माणसं गेली. त्यातले मोबाईलच्या वापरामुळे म्हणून नोंदलेले मृत्यू १,०४०. शेकड्याला एकसुद्धा नाही. मग एवढा बाऊ कशाला? पण ही नोंद होते कशी ते बघा. अपघात झाला, पोलीस आले, पंचनामा झाला. चाकांच्या खुणा दिसतात, गाडी कुठल्या बाजूला गेली ते दिसतं, वेगाचा अंदाज बांधता येतो. फोन तोवर खिशात गेलेला असतो, नाहीतर सीटखाली. "मी बोलत होतो" असं कोण लिहून देईल? फोन कंपनीकडून कॉलची नोंद मागवता येते, पण ती गंभीर गुन्ह्यात आणि कोणी मागे लागलं तर. त्यातही कॉल दिसेल, कोण रील बघत होता ते नाही. माझं दाभोळ्याचं प्रकरण मोरीत संपलं असतं तर कागदावर ‘निसरडा रस्ता’ असंच आलं असतं.

रीलवरून आठवलं. आरे-वारेचा समुद्रकाठचा रस्ता सुट्टीच्या दिवशी बघा. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर फोन धरून. हे संपर्कसाधन म्हणायचं की कॅमेरा? हसू नका, हा प्रश्न इंग्लंडात खरोखर कोर्टात गेला होता. चालवताना फोनवर चित्रण करणारा माणूस २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयात सुटला, कारण कायद्याचे शब्द संपर्कापुरते होते. त्यांनी मग २५ मार्च २०२२ पासून नियम बदलला. फोन हातात घेऊन फोटो, गेम, काहीही केलं तरी गुन्हा. आपल्याकडेही शब्द ‘संपर्कसाधन’ असाच आहे. एखादा वकील तो मुद्दा काढायच्या आत दुरुस्त केलेला बरा.

तर, बंदी असावी का? हातातल्या फोनवर आहे ती असावीच, आणि ती नुसती सणासुदीला नाक्यावर उभं राहून नव्हे तर वर्षभर राबवावी. ब्लूटूथवर सरसकट सगळ्यांना बंदी घाला असं मात्र मी म्हणत नाही. काचा लावलेल्या गाडीत माणूस गाणं म्हणतोय की फोनवर बोलतोय हे पोलिसाला बाहेरून कळणार कसं? जे पकडता येत नाही त्याची बंदी लोक दोन महिन्यांत हसण्यावारी नेतात, आणि मग पकडता येणाऱ्या नियमाचाही धाक जातो.

पण माणसं वाहून नेणारी गाडी, मग ती एसटी असो, ट्रॅव्हल्स असो, शाळेची बस असो की वडाप, आणि माल वाहणारी गाडी, यांच्या ड्रायव्हरला चालत्या गाडीत फोनच नको, हात लावून नको आणि न लावताही नको. तिथे बंदी पकडता येते, कारण साक्षीदार मागे बसलेले असतात. मार्च २०२५ मध्ये दादर–स्वारगेट ई-शिवनेरीचा ड्रायव्हर चालवताना मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघत होता. प्रवाशाने चित्रण करून थेट परिवहनमंत्र्यांना पाठवलं आणि त्याची नोकरी गेली. आमच्या वेळी म्हातारीला टेंगूळ येऊनही कोणी बोललं नव्हतं. आता बोलतात, हे चांगलंच झालं. नव्या लायसन्सवाल्यांनाही पहिली दोन वर्षं हीच पूर्ण बंदी असावी. गिअर टाकायला अजून खाली बघणाऱ्या माणसाने बोलू नये, यात अन्याय काही नाही.

आणि तिसरं, ज्यावर कोणी बोलत नाही: फोन करणारा. हापूसच्या दिवसांत रात्री पेट्या भरून पिकअप निघतो, वाशीला पहाटेच्या आत पोचायचं असतं. संगमेश्वर येईस्तोवर बागायतदाराचा फोन, "कुठवर आलास?" खेड येईस्तोवर गाडीमालकाचा. महाडला दलालाचा. मिरकरवाड्याहून मासळी घेऊन सुटलेल्या गाडीचंही तेच, बर्फ वितळत असतो आणि फोन वाजत असतो. चौविशीतला पोरगा, मालकाचा फोन न उचलून सांगेल कोणाला? दंड त्याला, आणि फोन करणारा घरी गादीवर. मोटार वाहन कायद्यात वेगमर्यादेचं कलम १८३ आहे, त्यात नोकराला जास्त वेगाने चालवायला लावणारा मालकही गुन्हेगार धरलाय. तेच शब्द फोनच्या कलमात आणायला काय हरकत आहे? गाडी कुठे आहे हे जीपीएसवर दिसतं, तरी विचारायची सवय सुटत नाही.

घरची माणसं याला अपवाद नाहीत. गणपतीत चाकरमानी मुंबईहून निघाले की कणकवलीची आई दर तासाला, "खंय पावलस रे?" त्या माउलीवर कलम लावा असं मी म्हणणार नाही. पण प्रेमाने केलेला फोनसुद्धा वळणावरच वाजतो.

नकाशाची सवलत मला मान्य आहे. मुंबई–गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. कधी कुठला पूल बंद, कुठे डायव्हर्जन, हे गावच्या माणसालाही ठाऊक नसतं. फक्त पत्ता निघण्यापूर्वी घालायचा आणि बाई सांगेल तसं कानाने ऐकायचं, पडदा चाळत बसायचं नाही. एरवी तीच बाई पुण्याच्या पाहुण्यांना गुहागरच्या समुद्राऐवजी कोणाच्या तरी खळ्यात नेऊन उभी करते. आमच्या आळीत दोनदा झालंय. पाहुणे चहा घेऊन गेले.

एक गोष्ट सरकारच्या पदरात घालायला हवी. ‘बोलायचं तर थांबून बोला’ असं म्हणायचं तर थांबायला जागा पाहिजे. घाटात एका बाजूला दरड आणि दुसरीकडे कठडा, मध्ये जेमतेम दोन गाड्यांचा रस्ता. तिथे कडेला थांबलेली गाडी बोलत्या ड्रायव्हरइतकीच धोक्याची. वळणं सोडून दर काही किलोमीटरवर गाडी बाहेर काढता येईल एवढी जागा ठेवली आणि तिथे पाटी लावली, तर निम्म्या लोकांना निमित्त उरणार नाही.

आता तुमच्या भावाचं. त्याच्याशी कायद्यावरून वाद घालू नका, तो जिंकेल. फोनमध्ये ड्रायव्हिंगची सोय असते, चालू केली की घंटा वाजत नाही आणि समोरच्याला आपोआप मेसेज जातो. ती त्याच्या हातानेच लावून घ्या. ऑफिसला एकदाच सांगून ठेवू दे की तास-दीड तास मी घाटात असतो. आणि घरचा नियम असा करा: चिपळूण सोडल्यावर पोफळीला गाडी बाजूला घेऊन एक फोन, घाट चढून गेल्यावर हेळवाकला चहाच्या टपरीवर दुसरा. मधल्या वेळात तुम्ही फोन लावायचा नाही. चुकून लावलात आणि त्याने उचलला नाही, तर काळजी करू नका, तो वळणावर आहे. उचलला, तर त्याच्याशी काही न बोलता ठेवून द्या.